शेल्याचं दुसरं टोक

एका राज्यात, नदीच्या दगडी घाटावर, भिवरा नावाची परटीण राहत होती. ती आणि तिचा नवरा सोनबा मिळून अर्ध्या नगराची धुणी धूत. मोठं वस्त्र पिळायला दोघं लागतात. समोरासमोर उभं राहून दोघांनीही आपापल्या उजवीकडे पीळ द्यायचा. नवखा माणूस समोरच्याच्या हातांकडे बघून वळवतो, आणि कापड नुसतं फिरत राहतं. सोनबा वारला, तेव्हा त्याचं टोक लेकीने, तानीने धरलं. मग तानीही गेली. तेव्हापासून भिवरा ते टोक बाभळीच्या खोडाला बांधी आणि एकटीच पिळी.

तानी जिवंत होती. ती राजवाड्यात होती.

त्याचं कारण असं. मायाधर नावाच्या जादूगाराला राजाने भर पंगतीतून उठवलं होतं, कारण त्याची आई मडकी घडवी. मायाधराने सदरेवर फिर्याद दिली. दुसऱ्या दिवशी त्याने वाड्याच्या दारात कंठ्यांनी भरलेली पेटी ठेवली आणि तो निघून गेला. जो त्यातली कंठी घाली, तो कुलीन दिसे, कुलीन बोले, आणि आपलं काम नि आपली माणसं विसरे. राजानेही एक घातली, हौसेने.

एकदा तानी धुतलेली वस्त्रं घेऊन वाड्यावर गेली. रखवालदाराने गाठोडं काठीने ओढून घेतलं आणि तिला उन्हात उभं केलं. तिने पेटीत हात घातला. आता तिला राजसादेवी म्हणत.

घाटावर एक खंड्या पक्षी होता. तो मासे धरी आणि खरं बोले.

"भिवरामाय, शाप तुटेल," खंड्या म्हणाला. "विसरलेल्या माणसाचे हात आपणहून जुन्या कामाला लागले, की कंठी गळून पडते. एकाची पडली की सगळ्यांच्या पडतील."

"मग जाऊन हाक मारते तिला."

"नाव घेतलंस किंवा नातं सांगितलंस, तर ती जागच्या जागी दगड होईल. आणि कंठी न घालता आत जायचं, तर तीन दारांवर कुलीन ठरावं लागतं."

"मग ठरते," भिवरा म्हणाली.

गिऱ्हाइकाचं वस्त्र अंगाला लावायचं नाही, हा सोनबाचा नियम होता. तीस वर्षं तो तिने पाळला होता. त्या दिवशी तिने दिवाणांच्या घरचा शालू नेसला, जरीचा शेला खांद्यावर घेतला, पदराच्या गाठीत चार रिठे बांधले आणि ती निघाली.

पहिल्या दारी चाल पाहत. भिवरेने जन्मभर डोक्यावरून ओलं धुणं वाहिलं होतं. तिची मान कलत नसे.

"मान कशी राजघराण्यातली आहे," द्वारपाल म्हणाला. "कधीची सवय, बाईसाहेब?"

"लहानपणापासूनची."

दुसऱ्या दारी घराण्यांची माहिती विचारत.

"सेनापतींकडे संक्रांतीला काय नेसतात?"

"काळी चंद्रकळा. धाकट्या सूनबाईंच्या चंद्रकळेला डाव्या काठापाशी रफू आहे."

द्वारपालाने इकडेतिकडे पाहिलं. "हे मोठ्याने बोलू नये, बाईसाहेब. आत चला."

तिसऱ्या दारी नुसता हुकूम होता. "जेवण उरकेपर्यंत हाताने काम करायचं नाही. सांडलेलं पुसायचं नाही, पडलेलं उचलायचं नाही. करील त्याचे हात तोडतात."

भिवरेने आपले हात शेल्याखाली घेतले आणि उंबरा ओलांडला.

पंगत मोठी होती. राजसादेवी नेमकी समोरच्या पाटावर होती. तिने भिवरेकडे पाहिलं, परकं माणूस पाहावं तसं.

"कुठल्या आपण?"

"नदीकाठच्या."

"नदीला फार दमट असतं म्हणतात."

"असतं," भिवरा म्हणाली. तिने आमटीची वाटी उचलली आणि शेल्यावर ओतली.

सगळी पंगत थांबली. भिवरा उठली. हात धुवायला ठेवलेलं चांदीचं घंगाळ तिने पुढे ओढलं, त्यात रिठे फोडून चोळले आणि शेला बुडवला.

"बाईसाहेब," राजा म्हणाला, "हात जातील."

"जातील तेव्हा जातील, महाराज. हळदीचा डाग वाळला तर मग निघत नाही."

"चाल राणीची आणि हात परटिणीचे," एक सरदार म्हणाला. लोक हसले. भिवरेने शेला खळबळून वर काढला आणि त्याचं एक टोक पंगतीपुढे धरलं. राजाला गंमत वाटली. त्याने उठून टोक धरलं, भिवरेच्या हातांकडे पाहिलं आणि वळवू लागला. शेला नुसता गरगर फिरला. पाणी निघेना. राजाने जोर केला, तरी निघेना.

राजसादेवीच्या कपाळाला आठी पडली. ती चुळबुळली, बसल्या जागी बोटं आवळू लागली, आणि शेवटी तिला राहवलं नाही.

"असं नव्हे, महाराज. द्या इकडे."

तिने टोक घेतलं, पदर खोचला, पाय रोवला आणि आपल्या उजवीकडे पीळ दिला. दोघींच्या मध्ये पाण्याची धार लागली. शेवटी दोघींनी एकदमच शेला झटकला, आणि राजसादेवीची कंठी तुटून घंगाळात पडली.

ती शेला उजेडाकडे धरून पाहत होती.

"आये," ती म्हणाली, "रिठे कमी पडले. डाग राहिलाय."

पंगतभर कंठ्या गळाल्या. एक मानकरी समईची वात सारखी करू लागला. तो तेली होता. टोमणा मारणारा सरदार सुटलेल्या पत्रावळीला काडी टोचत बसला. राजा मात्र आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला.

"माझं काम काय होतं?"

"फिर्यादी ऐकणं," म्हातारे प्रधान म्हणाले. "बारा वर्षांच्या साठल्यात, महाराज."

राजा तसाच उठून सदरेवर बसला. पहिली फिर्याद मायाधराची निघाली. त्याला बोलावून राजाने आपल्या शेजारी पाट मांडला. पेटी डोहात गेली, आणि तिन्ही दारांवरची चौकशी त्या दिवशी बंद झाली.

घाटाच्या वाटेवर तानी मागे मागे राहत होती.

"आये, मी तुला ओळखलं नाही."

"दिवाणांचा शेला आज पोचवायचाय," भिवरा म्हणाली. "पाय उचल."

घाटावर तिने बाभळीची दोरी सोडली. खोडावर पिळाचा गुळगुळीत वळ पडला होता. तो तसाच राहिला. शेला पुन्हा धुतला. भिवरेने टोक पुढे केलं.

"धर," ती म्हणाली.