गावाने पाणी घातलेले झाड

फार पूर्वी, दूरच्या देशातून घरी परतायला अख्खा उन्हाळा आणि पावसाळा लागायचा, तेव्हाची ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातला तरुण उगवतीकडच्या बेटांवर झाडांची विद्या शिकायला गेला होता. सात वर्षांनी तो परतला, तेव्हा त्याच्या हातात एक कुंडी होती आणि कुंडीत गुडघ्याएवढे रोप. त्याची पाने लहान बाळाने पंजा उघडावा तशी. आज आपण त्याला जपानी मेपल म्हणतो. गावाने त्याला पंजाचे झाड म्हटले.

निरोप देताना गुरू म्हणाले होते, "थंडी पडली की याची पाने लाल होतात. तुझ्या गावात ते जगलं, तर एक लाल पान मला पाठव. मी आता म्हातारा झालो. एवढं कळलं की पुरे."

थंडीच्या सुरुवातीला, वर्षातून एकदाच, व्यापाऱ्यांचा तांडा त्या बेटांकडे निघत असे. तोवर दोन महिने होते.

तरुणाने रोप स्वतःच्या परसात लावले नाही. जे सगळ्यांचे असते ते सगळ्यांनी जपावे, हे स्वप्न घेऊनच तो परतला होता. म्हणून त्याने ते चावडीपुढच्या मोकळ्या मैदानात लावले आणि गावाला म्हणाला, "हे झाड माझं नाही, आपलं आहे. सगळ्यांनी त्याच्यावर माया करा!"

त्या गावात एक रीत होती. नदीवरून येताना आपल्या दारच्या नव्या रोपाला घागरीतली एक ओंजळ घालायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. आता हे रोप तर सगळ्यांच्याच दारचे. शंभर घरे, सकाळी शंभर ओंजळी, संध्याकाळी शंभर.

आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मग पाने माना टाकू लागली.

"तहानलंय बिचारं," वैद्यबुवा म्हणाले.

"दृष्ट लागली," त्यांची बायको म्हणाली.

"परदेशी झाड ते," तेली हसला. "दादा, तुम्ही त्याच्या भाषेत बोलून बघा की!"

तरुण गोंधळला. कडा सुकल्या म्हणजे पाणी कमी, असे तो शिकला होता. त्याने गाव जमवले आणि कळवळून म्हणाला, "आपली माया कमी पडतेय!"

गावाला वाईट वाटले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाने दोन ओंजळी घातल्या. कुणी त्यात ताकही मिसळले. आणि पाने गळू लागली.

आता तर त्याला काहीच उमगेना. चूक पाण्याची, उन्हाची, की आपल्या विद्येची? की गाव वरवरचे प्रेम करते आहे? तो दिवसभर मैदानात बसून पाहत राहिला. सगळे आले. एक कुंभारीण तेवढी घागर घेऊन तशीच निघून गेली.

तो तिच्यामागे धावला. "मावशी, सगळं गाव पाणी घालतं. तुम्हीच का नाही?"

"त्याला हवंय का? विचारलंस?"

"झाडाला कसं विचारायचं?"

"बोटाने," ती म्हणाली. घागर खाली ठेवून ती परत आली, मातीत बोट खुपसले आणि बाहेर काढून त्याच्या नाकापुढे धरले. "हुंग."

कुजका वास आला.

"पण पानं तर तहानेने सुकल्यासारखी दिसतात!"

"दिसणारच. मुळं कुजल्यावर पाणी वर नेणार कोण? बुडणारंसुद्धा तहानलेलंच दिसतं रे, पोरा. तिकडे हे कुठे वाढतं?"

"डोंगरउतारावर. मोठ्या झाडांच्या सावलीत."

"मग इथे सपाटीवर, भर उन्हात का उभं केलंस?"

"सगळ्यांना दिसावं म्हणून."

"म्हणजे ही जागा तुला हवी होती. त्याला नव्हे."

तरुणाने मान खाली घातली. एवढे शिकून त्याने एकदाही मातीत बोट घातले नव्हते.

दोघांनी रोप उपटले. काळी पडलेली मुळे कापली. कुंभारणीच्या घरामागे उतार होता आणि उतारावर जांभळीची सावली. तिथे पालापाचोळ्याच्या मातीत फुटक्या मडक्यांचे बारीक तुकडे मिसळून, जरा उंचवटा करून त्यांनी ते लावले. रोपावर तेव्हा तीनच पाने उरली होती.

गाव रागावले. "आमचं पाणी नकोसं झालं का?"

तरुण हात जोडून म्हणाला, "चुकलो मी. माया करा म्हणालो, पण कशी ते मलाच ठाऊक नव्हतं. ओंजळ घेऊन या, पण आधी बोट घालून पाहा. माती ओली असली, तर पाणी गुरांच्या डोणीत ओता."

पहिल्याच सकाळी सगळे गाव बोटे घेऊन हजर! कुंभारीण ओरडली, "अरे, एकाने पाहिलं की पुरे! मातीची चाळण करता की काय?"

थंडी पडली. तांडा निघायच्या सकाळी रोपावर एकच पान होते. लालभडक, पण एका कडेला करपलेले. तरुण पुन्हा गोंधळला. असले पान गुरूंना कसे पाठवावे?

"आहे ते पाठव," कुंभारीण म्हणाली. "नवं रंगवून देणार आहेस का?"

त्याने ते पान दोन पातळ फळ्यांमध्ये ठेवून तांड्याबरोबर दिले. त्या वर्षी गुरांची डोण कधी कोरडी पडली नाही.

पुढच्या थंडीत तांड्याने गुरूंचा निरोप आणला. "पान पोचले. कड करपली आहे, म्हणजे आधी तू फार माया केलीस. बाकीचे लाल झाले आहे, म्हणजे नंतर तू त्याला विचारलेस. मी निश्चिंत झालो."

तरुणाने निरोप वाचला तेव्हा जांभळीखाली ते झाड शंभर लाल पंजे उघडून उभे होते. त्याने आधी मातीत बोट घातले, मग डोळे पुसले.

तात्पर्य: आपल्याला काय द्यावेसे वाटते यापेक्षा समोरच्याला काय हवे आहे, हे जो आधी पाहतो त्याचीच माया जगवते.