राजकन्येचे सोन्याचे पलंग

एका राज्यात एक रीत होती. रीत कसली, खूळच ते! आलेली वस्तू कुणाला द्यायची नाही, टाकायची नाही, आणि खराब होईल म्हणून वापरायचीही नाही. राजा रत्नशेखराच्या भांडारात सातशे घोंगड्या घडी न मोडता पडून होत्या, आणि राजा त्या पाहुण्यांना कौतुकानं दाखवी.

एके सकाळी दासी किंचाळत आली. राजा धावला. पाहतो तो काय! सोळा वर्षांची राजकन्या तरंगिणी पाच वर्षांच्या पोरीएवढी झालेली. चेहरा तोच, आवाज तोच.

मग या शहाण्यानं काय करावं? जुना पलंग मोठा पडतो, म्हणून सोन्याचा छोटा पलंग घडवला. दुसऱ्या दिवशी लेक वीतभर! राजानं वीतभर पलंग घडवला. तिसऱ्या दिवशी लेक अंगठ्याएवढी! सोनार अंगठ्याएवढा पलंग घेऊन दारात आला, तोच खिडकीतला भारद्वाज पक्षी ओरडला.

"राजा, थांब! हा पलंग आत आला, तर लेक दिसेनाशी होईल."

"पक्ष्या, मी हे तिच्यासाठीच करतो आहे."

"तूच तिला संपवतो आहेस. थंडीत एका जोग्यानं तुझ्याकडे घोंगडी मागितली. 'ती ठेवणीतली आहे,' म्हणालास. वापराविना पडलेली प्रत्येक वस्तू तुझ्या लेकीचं अंग खाईल, असा शाप देऊन तो गेला. तू तेव्हा कुलूप लावण्यात गुंग होतास."

अरे देवा, आपल्याच हातांनी!

"उपाय सांग."

"भांडार रिकामं कर. तुझ्या पेट्या रिकाम्या कर. तिसरं काम तुला ठाऊक आहे."

राजानं भांडार उघडलं. घोंगड्या धनगरांना गेल्या, भांडी गावोगाव गेली. सोन्याचे पलंगही वितळवून वाटले. लेक हातभर झाली. दुसऱ्या दिवशी पेट्यांतले नऊशे शेले वाटून राजानं दोनच ठेवले, एक अंगावर, एक दांडीवर. लेक त्याच्या कमरेला लागली.

तिसऱ्या दिवशी तो राणीच्या दालनापाशी आला. राणी जाऊन चौदा वर्षं झाली होती, तेव्हापासून कुलूप तसंच होतं.

"हे नाही," राजा हुंदका देऊन भारद्वाजाला म्हणाला. "एवढं मागू नकोस."

राजाच्या डोळ्यांदेखत लेक पुन्हा खुजी होऊ लागली. त्यानं घाईघाईनं कुलूप काढलं, दार लोटलं, आणि थिजला. सगळं वाळवीनं खाल्लेलं! हात लावावा तो शालूचा भुगा. जपून जपून काय जपलं, तर माती! तांब्याच्या पेटीत तेवढं एक हिरवं लुगडं धड होतं.

समोर अंगणात धुणं घेऊन आलेली भागू परटीण उभी होती, फाटक्या लुगड्यात. राजानं ते तिच्यापुढे धरलं.

"मला? नको महाराज, पाप लागेल!"

"नेस, बाई. आत्ताच नेस."

भागू नेसून बाहेर आली. अंगण हिरवंगार उजळलं. राजानं वळून पाहिलं. तरंगिणी पुऱ्या उंचीची, दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा, आईचं लुगडं असं होतं? मला तुम्ही कधी दाखवलंच नाहीत."

शाप तुटला होता, रीतही मोडली होती. पण राजा तिथून हलला नाही. रिकाम्या दालनात फरशीवरच बसून तो लेकीला तिच्या आईबद्दल पहिल्यांदा सांगू लागला.