धुळाजीच्या पायातला काटा

फार वर्षांपूर्वी, बोरदऱ्याच्या ओढ्यावर साधा साकवही नव्हता, तेव्हा त्या गावात ठकूबाई गोष्टी सांगायची. गोष्टी साऱ्या एकाच्याच, धुळाजी धनगराच्या. हा धुळाजी तिनंच मनानं रचलेला. तो वाघाचे कान पिळायचा, पाठ लावून पूर अडवायचा, डोंगर मुंडाशासारखा डोक्यावर घ्यायचा. चाळीस वर्षांत ठकूबाईनं त्याला कुठं खरचटूसुद्धा दिलं नाही. पोटच्या पोरापेक्षा जास्त जपला, असं म्हणतात.

तिची सून साळू तोंडाची तिखट. गोष्ट चालू असताना ऐकणाऱ्यानं "हं" म्हणून हुंकार द्यायचा असतो. साळू जांभई द्यायची.

"आत्याबाई, तुमचा धुळाजी कधी शिंकतो तरी का?"

"तू भाकरी थाप. त्याची काळजी तुला नको."

"काळजीच तर वाटत नाही ना त्याची."

एका सकाळी गवत कापताना साळूला नाग डसला. तिचा नवरा घाटापलीकडच्या वैद्याला आणायला धावला. जाऊन येऊन दिवस मोडणार होता. तोवर तिला झोपू द्यायचं नाही, डोळा लागला की संपलं, अशी त्या काळची समजूत. तुम्ही असलं काही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

ठकूबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि धुळाजीची गोष्ट लावली. त्यानं वाघ लोळवला. "हं." पूर अडवला. "हं," जरा बारीक. डोंगर उचलला, आणि हुंकार आलाच नाही. म्हातारीनं गालावर चापट मारली.

"सटवे, ऐक की."

"काय ऐकू? त्याला काय होतंय. जिंकेलच तो. मी पडते जरा."

ठकूबाईनं घाईघाईनं सात वाघ आणले, दोन डोंगर आणले. पापण्या मिटतच चालल्या. तेव्हा तिनं मन घट्ट करून धुळाजीच्या पायात बोटभर बाभळीचा काटा घातला.

पापणी हलली. "आत मोडला?"

"मोडला. आणि ओढ्याला पूर आलाय."

"मग?"

मग काय, पाय टेकेना, तर पाठ कशी लावणार? धुळाजी वाहून चालला. खांद्यावर कोकरू, एका हातात करंजाची फांदी, आणि खांदा निखळलेला. प्रत्येक घाव घालताना म्हातारी रडत होती, आणि पुढचा घालत होती.

"कोकरू सोड म्हणावं त्याला."

"सोडत नाही."

"मेला हट्टी. मग?"

असं म्हणतात, त्या दिवशी पावसाचा थेंब नसताना ओढा दुथडी भरून वाहिला. उन्हं उतरली तसा वैद्य आला. तो औषध तोंडाशी नेतोय, तर साळूनं त्याचा हात धरला. "थांबा. आधी त्याला काठाला लागू द्या."

साळू जगली, नातवंडं बघून गेली. ठकूबाई मात्र त्या दिवसापासून लंगडायची. ती वारली तेव्हा आंघोळ घालताना तिच्या तळपायातून बोटभर काटा निघाला, असं म्हणतात.

आजही बोरदऱ्यात कुणी गोष्ट सांगायला बसलं की त्याच्या तळहातावर आधी बाभळीचा काटा ठेवतात. मोठमोठे बोलणारे येतात. आपला वीर कसा कशानंच मरत नाही, ते घसा ताणून रंगवतात. समोरची माणसं जांभया देतात. काटा हातातच असतो, आणि हुंकार येत नाही.