कार्डाचा नमस्कार

संगणक टेबलाखालच्या पेटीत राहायचे, त्या काळची गोष्ट. अशाच एका पेटीत पडद्यावर चित्रं उमटवणारं नवं ग्राफिक्स कार्ड आलं. तीन पंख्यांचं, अंगाने भारदस्त. पेटीत उभ्या बसवलेल्या मदरबोर्डावरच्या एका अरुंद खाचेने त्याला आडवं धरून ठेवलं होतं.

हळूहळू कार्डाचं मोकळं टोक खाली झुकू लागलं. तळाशी बसलेला पॉवर सप्लाय कौतुकाने म्हणाला, "एवढे मोठे, पण किती नम्र. आम्हाला रोज वाकून नमस्कार करतात." कार्ड सुखावलं आणि आणखी झुकलं.

खाचेच्या जिवाचं मात्र पाणी पाणी होत होतं. पंखे फिरले की तिच्या कडा करकरायच्या. आपण तुटलो तर सगळ्या पेटीत अंधार होईल, हे तिला ठाऊक होतं. पण एवढ्या मोठ्यांना 'वाकू नका' म्हणायचं तरी कसं?

एकदा धूळ पुसायला मालकिणीने पेटी उघडली. तिने कार्ड उचलून सरळ केलं आणि त्याखाली पेन्सिलीचा तुकडा उभा केला.

कार्ड चिडलं. "मला टेकू? टेकू पडायला आलेल्या भिंतीला लावतात."

"तिलाच लावलाय," खाच हळूच म्हणाली. "ती भिंत मी आहे."