शाल्मलीला विचारलेले तीन प्रश्न

"पण तयार म्हणजे अजून काय असायला हवं, महाराज?"

विद्याधर कुलथे उभ्यानंच बोलत होता. मठाच्या त्या लहानशा खोलीत दारापासून खिडकीपर्यंत त्याच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. नानामहाराज घोंगडीवर बसून वाळलेल्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

विद्याधर तालुक्याच्या गावी गणिताचे क्लास घ्यायचा. अकरा वर्षं महाराजांकडे येत होता. आज पहिल्यांदाच मुलीला घेऊन आला होता. शाल्मलीला पाचवं वर्ष पुरं व्हायला अजून दोन महिने होते.

"बारापर्यंत पाढे येतात. जोडाक्षरं वाचते. एका शाळेचे मुख्याध्यापक म्हणालेत, सोमवारी घेऊन या. तोंडी विचारतो, जमलं तर थेट पहिलीत बसवतो."

"मग अडलंय कुठे?"

"हिची आई फॉर्मवर सही करत नाही. चार दिवस घरात बोलणं नाही आमचं. म्हणते, महाराज सांगतील तसं करू."

"आणि ही काय म्हणते?"

"ही काय म्हणणार, महाराज? लहान आहे हो."

महाराजांनी मान वर केली. आधी शाल्मलीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

विद्याधरच्या ते लक्षात आलं. घाईघाईनं म्हणाला, "तुम्हीच विचारून बघा ना तिला. काहीही विचारा."

"विचारतो. तू बाहेर थांब. दार ओढून घे."

तो बाहेर गेला. ओसरीवर बसला, उठला. चप्पल घातली, काढली. मग दाराच्या दोन फळ्यांमध्ये फट होती, तिला डोळा लावून उभा राहिला.

आत महाराजांनी एक शेंग शाल्मलीच्या तळहातावर ठेवली.

"न फोडता सांग. आत दाणे किती?"

शाल्मलीनं शेंग कानाशी नेली. हलवली. दुसऱ्या कानाशी नेली. डोळे मिटले. पुन्हा हलवली…

महाराज थांबले होते.

शाल्मलीचे ओठ हलले.

"दोन!" दाराबाहेरून आवाज आला. "शालू, शेंगेत बहुतेक दोनच असतात. दोन सांग!"

शाल्मलीनं शेंग खाली ठेवली. "दोन," ती म्हणाली.

महाराज दाराकडे वळलेसुद्धा नाहीत. खिडकीत एक करडी मांजर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिच्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हिला आम्ही गंगू म्हणतो. आपलं नाव गंगू आहे, हे हिला माहीत असेल का गं?"

शाल्मली हसली. उठून मांजरीजवळ गेली. हळूच म्हणाली, "गंगू."

मांजरीचा एक कान हलला.

शाल्मली वाकून बघत राहिली. मग तिनं आणखी हळू हाक मारली, "मंगू…"

बाहेर विद्याधरनं एक पाय बदलला. दुसरा बदलला. नखानं दाराचा रंग खरवडला.

"कळतं गं, मांजरांना नाव कळतं! मागे सांगितलं होतं ना तुला? आठव!"

मांजर उडी मारून निघून गेली. शाल्मली जागेवर येऊन बसली, हाताची घडी घातली. "हो, कळतं," ती म्हणाली.

महाराजांनी आणखी चार शेंगा फोडल्या.

"बरं," महाराज म्हणाले, "आता शेवटचं. तुला काय आवडतं?"

या वेळी विद्याधरनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. फटीतून तिचा चेहरा त्याला समोर दिसत होता.

 शाल्मलीनं दाराकडे पाहिलं.

महाराज थांबले. विद्याधरही थांबला. 

ती दाराकडेच बघत होती…

शेवटी म्हणाली, "पप्पांना विचारा."

विद्याधरच्या तोंडावरचा हात खाली आला. दार ढकलून तो आत आला आणि त्या खोलीत आज पहिल्यांदाच खाली बसला. खिशातला फॉर्म काढला, बघितला, तसाच परत ठेवला.

"पुढच्या वर्षी भरतो, महाराज. सोमवारी नाही नेत हिला. हिच्या आईला तसं सांगतो."

"सांग."

"मग ठीक ना?"

"फॉर्मबद्दल मी काही बोललो नाही."

 शाल्मली उठून अंगणाकडे निघाली. उंबऱ्यावर थबकली, मागे वळून वडिलांकडे बघितलं, जाऊ का म्हणून. त्यानं मान हलवल्यावर मगच गेली.

तो तिच्या पाठमोऱ्या फ्रॉककडे बघत राहिला.

"महाराज…" तो म्हणाला. "हे असं कधीपासून म्हणायला लागली ही? पप्पांना विचारा, असं?"

महाराजांनी टरफलं एका बाजूला सारली.

"मी तिला आजच भेटलो, विद्याधर."