सरदारची अठरा नखं

एका गावात एक न्हावी राहत होता. त्याचा हात असा हलका, की दाढी करून घेता घेता गिऱ्हाईक घोरायला लागायचं. त्याचा एक नियम मात्र फार कडक होता. समोर बसलेला माणूस काम पुरं झाल्याशिवाय उठायचा नाही. बैल सुटो, पाहुणा येवो, शेजारी आग लागो, अर्ध्या दाढीनं कोणी उठलेलं त्याला खपत नसे. "अर्धं काम सोडलं तर माझ्या वस्तऱ्याचा अपमान होतो," असं तो म्हणायचा. गावानंही हे निमूटपणे मानलं होतं, कारण एका मिशीनं आग विझवायला जाण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

या न्हाव्याकडे एक कुत्रा होता. त्याचं नाव सरदार. नाव ऐकून शत्रूनं पळावं, पण खुद्द सरदारसाहेबच घरात पातेलं पडलं तरी बाजेखाली शिरत. मांजर समोरून आलं तर हे बाजूला होऊन त्याला वाट देत. तरीही न्हाव्याचा त्याच्यावर भारी जीव होता. दिवसभराचं काम आटोपलं की दोघं टेकडीपर्यंत फिरून येत, आणि दिवसभरात कोण काय बोललं ते न्हावी सरदारला सांगत असे.

एका वर्षी विजा फार कडाडल्या. सरदारनं दोन महिने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. दगडामातीवर चालणं नाही, म्हणून नखं झिजली नाहीत. ओट्यावरून चालला की टकटक आवाज यायला लागला. पुढच्या उजव्या पायाचं आतल्या बाजूचं नख तर जमिनीला टेकतच नसे. ते वाढून वाढून गोल वळलं आणि त्याचं टोक मांसाला लागायला आलं.

"एवढंच ना!" न्हावी म्हणाला. "अख्ख्या गावाची नखं मी काढतो. याची काढायला किती वेळ लागणार?"

त्यानं चार दांडगे शेजारी बोलावले. दोघांनी सरदारचे पाय धरले, एकानं मान धरली, एक पाठीवर रेलला. न्हाव्यानं धोकटीतून नखं काढायची नराणी बाहेर काढली आणि पहिलंच नख कापलं. पण माणसाच्या नखात जिवंत भाग कुठं सुरू होतो ते दिसतं, सरदारची नखं होती काळीकुट्ट. नराणी खोल गेली आणि रक्ताची धार लागली. सरदार असा किंचाळला, की चौघांचेही हात सुटले.

त्या दिवसापासून धोकटी नुसती हलली तरी सरदार घरातल्या धान्याच्या कणगीमागे जाऊन थरथरत बसे. न्हाव्याच्या हातून भाकरी घेईना. टेकडीवर जायची वेळ झाली तरी बाहेर येईना. ज्या हाताखाली सारं गाव निवांत डोळे मिटायचं, त्या हाताला घरचं कुत्रं घाबरायला लागलं. न्हाव्याच्या ते फार जिव्हारी लागलं.

गावच्या वैद्यबुवांनी लांबूनच पाय पाहिला आणि मान हलवली. "वीस दिवस आहेत तुझ्याकडे," ते म्हणाले. "तेवढ्यात ते नख मांसात शिरेल. मग पू धरेल आणि कुत्र्याचा पाय जाईल."

"पुन्हा माणसं बोलावतो," न्हावी घरी येऊन म्हणाला. "या वेळी सहा."

त्याची बायको चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "अहो, तुमच्यापुढे माणूस बसतो तो आपल्या पायानं येऊन बसतो. याला तुम्ही फरफटत आणलंत. आणि अठराच्या अठरा नखं एका बैठकीत काढायची कशाला? आज एक काढा, उद्या एक काढा."

"अगं, म्हणजे सतरा तशीच ठेवून उठू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणू दे. नखं त्यांची नाहीत."

न्हाव्याला राग आला. जन्मात त्यानं कोणाला अर्ध्यावर सोडलं नव्हतं. पण कणगीमागून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्या डोळ्यांत निव्वळ भीती होती. त्यानं नराणी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक विचित्र काम केलं. नराणी अंगणाच्या मधोमध ठेवली, तिच्याशेजारी दुधाची खरवड ठेवली आणि स्वतः लांब जाऊन बसला. सरदार दुपारी बाहेर आला, खरवड चाटून पळाला. तिसऱ्या दिवशी तो पळाला नाही. चौथ्या दिवशी न्हाव्यानं त्याच्या पंजाला हात लावला. सरदारनं पंजा ओढला, आणि न्हाव्यानं तो लगेच सोडला. त्यासाठी त्याला मन घट्ट करावं लागलं, कारण धरलेलं सोडायची त्याच्या बोटांना सवयच नव्हती.

सातव्या दिवशी एक नख निघालं. निघालं म्हणजे काय, टोकाची तांदळाएवढी कपची. तेवढ्यावर न्हावी उठला आणि खरवडीची वाटी पुढे केली. ओट्यावर वाट बघत बसलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. "काय हो, एका नखात दमलात?"

न्हाव्याचे कान तापले, पण त्यानं नराणी पुन्हा उचलली नाही. मग कधी एक नख, कधी दोन, एकदा तर चार निघाली. ज्या दिवशी सरदारचं मन नसे त्या दिवशी एकही निघत नसे, तरी वाटी मिळायचीच. होता होता सतरा नखं झाली. उरलं ते वळलेलं नख, आणि वैद्यबुवांनी दिलेला विसावा दिवस उजाडला.

सकाळीच अंगणात ही गर्दी जमली. कुंभार, तेली, वैद्यबुवा आणि ते चार दांडगे शेजारीही आले. न्हाव्यानं सरदारचा पंजा हातात घेतला. नख मांसाला टेकलं होतं, आजूबाजूला सूज होती. नराणी टेकताच सरदारच्या अंगाला कापरं भरलं आणि त्यानं पंजा ओढला.

"धर!" कुंभार ओरडला. "आता सोडू नकोस!"

"दाबून ठेव! एकच तर राहिलंय!" शेजारी पुढे सरसावले.

न्हाव्याच्या मुठीत पंजा होता. एक झटका दिला असता तर नख तुटलंही असतं. आज सोडलं आणि सरदार परत आला नाही, तर पाय गेलाच म्हणायचा. न्हाव्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं सरदारकडे पाहिलं आणि मूठ उघडली.

सरदार तीरासारखा कणगीमागे गेला.

"घालवलंस!" तेली म्हणाला. "अर्ध्यावर सोडलंस की रे, तूसुद्धा!"

उघडा तळहात मांडीवर ठेवून न्हावी तसाच बसून राहिला. लोक चुळबुळायला लागले. मग ओट्यावरून आवाज आला. टकटक नव्हे, कारण वाजायला आता वाढलेली नखंच नव्हती. मऊ पावलं टाकत सरदार आला, न्हाव्यासमोर बसला, आणि आपला सुजलेला पंजा त्यानं आपणहून त्या तळहातावर ठेवला.

न्हाव्यानं हळूच नराणी टेकवली. कट् आवाज झाला आणि वळलेलं नख जमिनीवर पडलं. रक्ताचा थेंबसुद्धा आला नाही. एकच गलका उठला, वैद्यबुवांनी आपलं वय विसरून टाळ्या पिटल्या, आणि एवढ्या गोंगाटातही सरदार बाजेखाली गेला नाही. शेपटी हलवत त्यानं वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. न्हाव्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं कोणापासून लपवले नाहीत. त्या संध्याकाळी दोघं टेकडीवर गेले, ते अगदी माथ्यापर्यंत.

पुढे त्या गावात एक गंमत दिसू लागली. एखादं लहान पोर अर्धे केस कापून, अर्धे तसेच ठेवून खुशाल विटीदांडू खेळत असायचं. कोणी हसलं तर ते सांगायचं, "काका म्हणालेत, भीती गेली की ये." आणि जेवणवेळेच्या आत ते पोर आपल्या पायानं येऊन न्हाव्यासमोर मान खाली घालून बसायचं. शेजारी सरदार बसलेला असायचा, मोठ्या ऐटीत.

तात्पर्य: घट्ट धरून पंजा हातात येतो, भरवसा येत नाही. तो हवा असेल तर वेळेवर मूठ उघडता आली पाहिजे.