बीळ बुजलं, बाळं आत

रांजणामागे होतं एक बीळ. बिळात राहायची एक चिचुंद्री. नाक लांब. डोळे बारीक. अंगाला वास. वास होता, त्याला ती काय करणार? तो जन्मापासूनच होता.

बिळात तिची बाळं होती. मऊ मऊ. करडी करडी. दिवसभर नुसतं चीं चीं, चीं चीं.

एकदा काय झालं, चिचुंद्री गेली किडे शोधायला. लुटुलुटु लुटुलुटु. परत आली, तर बीळच नाही. बिळाच्या जागी ओला चिखल. चिखलात काचा. तिनं नाक लावलं. टुचकन टोचलं.

आतून आवाज आला. चीं चीं. चीं चीं.

कुणी केलं हे? ऐका तर.

उद्या गणपती यायचे होते. अनसाकाकू घर आवरत होत्या. त्यांनी मोदकांच्या पिठीची पिशवी काढली. पिशवीला भोक. खोबऱ्याची वाटी काढली. वाटीवर दातांच्या खुणा. फळीवर हात फिरवला. हाताला लागल्या काळ्या काळ्या लेंड्या.

"कोण शिरलं माझ्या घरात?" काकू म्हणाल्या.

डब्यामागे बसला होता उंदीर. मिशांना पिठी. पोट टम्म.

"मी तर बाप्पांचं वाहन," उंदीर म्हणाला. "माझ्यावर आळ घेता?"

काकूंनी हात जोडले. "छे हो, उंदीरमामा. उद्या बाप्पा यायचेत. तुमचं नाव कसं घेऊ?"

मग कुणाचं घ्यायचं? कुणाचं तरी घ्यायलाच हवं. पिठी तर गेली होती. काकूंनी नाक वर केलं. वास आला.

"चिचुंद्री," काकू म्हणाल्या. "हिचंच काम."

आता चिचुंद्री काही पिठी खात नाही. खोबरं खात नाही. ती खाते किडे. पण विचारतो कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

काकूंनी चिखल कालवला. काकांनी काचा आणून दिल्या. बीळ लिंपून टाकलं. थप् थप् थप्.

चिचुंद्री गेली काकूंकडे. लुटुलुटु लुटुलुटु.

"काकू काकू, बीळ बुजलं, बाळं आत. उंदरानं पिठी खाल्ली. चिखल काढा ना."

काकूंनी नाकाला पदर लावला. "मी नाही काढत. उंदीरमामांना कसं बोलू? काकांनी सांगितलं तर काढीन."

इकडे चिखल सुकायला लागला. चीं चीं. चीं चीं.

चिचुंद्री गेली काकांकडे. लुटुलुटु लुटुलुटु. नानाकाका मखर करत बसले होते. बोटांना खळ, कानाला सोनेरी कागद.

"काका काका, काकू चिखल काढत नाहीत. बीळ बुजलं, बाळं आत. उंदरानं पिठी खाल्ली, तुम्ही पाहिलंत. काकूंना सांगा ना."

काकांनी पाहिलं होतं. सकाळीच फळीवरून लांब शेपूट गेलं होतं. पण काकांनी नाक दाबलं.

"पाहिलं तर पाहिलं. मी नाही सांगत. उद्या पाहुणे येणार. घरात उंदीर आहे म्हणून सांगू? लोक काय म्हणतील? मनीनं सांगितलं तर सांगीन."

चिखल आणखी सुकला. चीं चीं. चीं चीं.

चिचुंद्री गेली मनी मांजरीकडे. लुटुलुटु लुटुलुटु. मनी उन्हात पाय चाटत होती.

"मने मने, काका काकूंना सांगत नाहीत. काकू चिखल काढत नाहीत. बीळ बुजलं, बाळं आत. उंदरानं पिठी खाल्ली, तू पाहिलंस. काकांना सांग ना."

मनीनं तोंड फिरवलं. "पाहिलं तर पाहिलं. मी नाही सांगत. उंदीर आहे म्हटलं, तर मलाच विचारतील, मने, तू काय करत होतीस? पालीनं सांगितलं तर सांगीन."

आणि मनीनं दुसरा पाय चाटायला घेतला. लाज नाही वाटली मेलीला.

चिखलाच्या कडा पांढऱ्या झाल्या. चीं चीं. चीं चीं.

चिचुंद्री गेली पालीकडे. लुटुलुटु लुटुलुटु. पाल दिव्यामागे चिकटून होती.

"पाली पाली, मनी काकांना सांगत नाही. काका काकूंना सांगत नाहीत. काकू चिखल काढत नाहीत. बीळ बुजलं, बाळं आत. उंदरानं पिठी खाल्ली, तू पाहिलंस. मनीला सांग ना."

पाल आणखी आत सरकली. "पाहिलं तर पाहिलं. मी नाही सांगत. मी दिसले की झाडू येतो. बोलले की दोन झाडू येतील. कोळ्यानं सांगितलं तर सांगीन."

चिखल कडक झाला. चीं. चीं. आवाज बारीक झाला.

चिचुंद्री गेली कोळ्याकडे. लुटुलुटु लुटुलुटु. कोळी माळ्याच्या कोपऱ्यात लोंबत होता.

"कोळ्या कोळ्या, पाल मनीला सांगत नाही. मनी काकांना सांगत नाही. काका काकूंना सांगत नाहीत. काकू चिखल काढत नाहीत. बीळ बुजलं, बाळं आत. उंदरानं पिठी खाल्ली, तू पाहिलंस. पालीला सांग ना."

कोळ्यानं आठही पाय पोटाशी घेतले. "पाहिलं तर पाहिलं. मी नाही सांगत. सणाची जळमटं काढली काकूंनी. माझं एवढं एकच जाळं राहिलंय. तुझ्यापायी तेही घालवू? मुंगीनं सांगितलं तर सांगीन."

कोळ्याला जाळ्याची काळजी. पालीला झाडूची काळजी. काकांना पाहुण्यांची काळजी. बाळांची काळजी कुणालाच नाही. मला तर हे सांगतानाही राग येतो.

चीं. एवढाच आवाज. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा, चीं.

चिचुंद्री दमली होती. तरी गेली मुंगीकडे. लुटु... लुटु... लुटु... मुंगी साखरेच्या डब्याखाली होती.

"मुंगे मुंगे, कोळी पालीला सांगत नाही. पाल मनीला सांगत नाही. मनी काकांना सांगत नाही. काका काकूंना सांगत नाहीत. काकू चिखल काढत नाहीत. बीळ बुजलं, बाळं आत. उंदरानं पिठी खाल्ली, तू पाहिलंस. कोळ्याला सांग ना."

मुंगीनं नाक दाबलं नाही. तोंड फिरवलं नाही. ती चिचुंद्रीकडे बघत राहिली.

"तू मुंग्या खातेस," मुंगी म्हणाली. "परवाच माझी बहीण खाल्लीस."

चिचुंद्रीनं मान खाली घातली. "खाल्ली. भूक लागली होती."

"आणि उन्हाळ्यात काकूंनी आमच्या घरात उकळतं पाणी ओतलं. आत आमची अंडी होती. काकांनी पाहिलं. मनीनं पाहिलं. पालीनं पाहिलं. कोळ्यानं पाहिलं. तूही पाहिलंस. कोण बोललं?"

"कुणी नाही," चिचुंद्री म्हणाली. "मीही नाही."

मुंगी वळली. ती चालत बिळापाशी गेली. चिखलाला कान लावला. आत कुणीतरी अगदी हळू म्हणालं, चीं.

"तू मला आवडत नाहीस," मुंगी चिचुंद्रीला म्हणाली. "पण पाहिलं ते पाहिलं. मी सांगते."

निघाली मुंगी. तुरुतुरु तुरुतुरु.

मुंगीनं कोळ्याला सांगितलं, "उंदरानं पिठी खाल्ली. मी पाहिलं."

कोळी म्हणाला, "मुंगी बोलली? मग काय. मी तर सांगणारच होतो."

कोळ्यानं पालीला सांगितलं, "उंदरानं पिठी खाल्ली. मी पाहिलं."

पाल म्हणाली, "कोळी बोलला? मग काय. मी तर सांगणारच होते."

पालीनं मनीला सांगितलं, "उंदरानं पिठी खाल्ली. मी पाहिलं."

मनी म्हणाली, "पाल बोलली? मग काय. मी तर सांगणारच होते."

मनीनं काकांना सांगितलं, "उंदरानं पिठी खाल्ली. मी पाहिलं."

काका म्हणाले, "मनी बोलली? मग काय. मी तर सांगणारच होतो."

काकांनी काकूंना सांगितलं, "अगं, उंदरानं पिठी खाल्ली. मी पाहिलं."

काकू म्हणाल्या, "तुम्ही बोललात? मग काय. मला तर शंका होतीच."

बघा, सगळे सांगणारच होते.

काकूंनी उलथनं घेतलं. ठक् ठक् ठक्. चिखल निघेना. वाळून दगड झाला होता. ठक् ठक् ठक्. एक काच पडली. ठक् ठक् ठक्. दुसरी काच पडली. धप्पकन ढेकूळ पडलं आणि बीळ उघडलं.

आतून आवाज नाही.

चिचुंद्रीनं नाक आत घातलं. काच लागली. तरी घातलं.

"बाळांनो," ती म्हणाली. "मी आले."

आवाज नाही.

मनी पाय चाटायची थांबली. काका उठून उभे राहिले. काकूंच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं.

मग अंधारातून एक नाक आलं. लांब, मातीनं माखलेलं. त्या बाळानं आईची शेपटी तोंडात धरली. मागून दुसरं बाळ आलं. त्यानं पहिल्याची शेपटी धरली. मागून तिसरं आलं. त्यानं दुसऱ्याची शेपटी धरली. मग कुणीच येईना. चिचुंद्री थांबली. हलली नाही. थोड्या वेळानं आलं सगळ्यांत धाकटं. लटपटत आलं. दोनदा पडलं. आणि त्यानंही समोरची शेपटी घट्ट धरली.

"अरे वा, आगगाडी," काका हसले.

चिचुंद्री हसली नाही.

"झालं ना आता?" काकू म्हणाल्या. "मिळाली ना बाळं?"

"बाळं मिळाली," चिचुंद्री म्हणाली. "पण काकू, तुम्ही माझ्यावर आळ घेतलात. तो काढा. म्हणा, चिचुंद्रीनं पिठी खाल्ली नाही."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी मनीकडे पाहिलं. मनीनं पालीकडे पाहिलं. पालीनं कोळ्याकडे पाहिलं. कोळ्यानं मुंगीकडे पाहिलं. पुन्हा तेच.

मुंगी म्हणाली, "चिचुंद्रीनं पिठी खाल्ली नाही."

मग कोळी म्हणाला. मग पाल म्हणाली. मग मनी म्हणाली. मग काका म्हणाले. शेवटी काकू म्हणाल्या. अगदी हळू, पदराआडून.

"मोठ्यानं," मुंगी म्हणाली.

काकूंनी पदर खाली केला. "चिचुंद्रीनं पिठी खाल्ली नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या. घरभर ऐकू गेलं.

"मग कुणी खाल्ली?" चिचुंद्रीनं विचारलं.

सगळे गप्प. आता तर सगळ्यांना ठाऊक होतं. तरी गप्प. फळीवर डब्यामागे आवाज येत होता. कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

काकू काकांना म्हणाल्या, "आज नको बाई काही बोलायला. उद्या बाप्पा यायचेत."

काका म्हणाले, "हो, हो. सण झाला की बघू."

आणि काकूंनी एका वाटीत थोडं खोबरं काढलं. ती वाटी फळीवर ठेवली. हात जोडले. "मामा, रागावू नका हं."

चिचुंद्रीनं ते पाहिलं. ती वळली. मागे बाळं वळली.

"अगं, निघालीस कुठं?" काकू म्हणाल्या. "बीळ आहे की. उघडलंय आता."

"ते तुम्हालाच राहू दे," चिचुंद्री म्हणाली.

ती गेली उंबऱ्यावरून. ती गेली अंगणातून. ती गेली कुंपणाच्या दगडांपाशी. तिथं ओल होती. वारा होता. रांजणामागची ऊब नव्हती. पण तिथं चिखल घेऊन कुणी येणार नव्हतं. पुढं आई, मागं बाळं. लुटुलुटु लुटुलुटु लुटुलुटु लुटुलुटु.

चिचुंद्री गेली दगडात, उंदीर राहिला घरात, आणि गोष्ट आली तुमच्या कानात.

तुम्ही सगळं ऐकलंत. सगळं पाहिलंत. मग सांगा बघू, पिठी कुणी खाल्ली?

असं हळू नाही. मोठ्यानं सांगा.